बाळ रडतं म्हणून व्यायाम थांबवावा का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या आईची मुलगी अडीच महिन्यांची आहे. प्रसूतीत डोकं बाहेर आल्यावर बाळाचा खांदा अडकला, मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी अर्ब्ज पाल्सी असं निदान केलं. मुलगी बोटं हलवते, हातात दिलेलं बोट धरते, पण कोपर वाकवत नाही आणि खांदा उचलत नाही. फिजिओथेरपिस्टनी एकदा घाईघाईत व्यायाम दाखवले आणि एक कागद दिला. त्यावर "दिवसातून ४ वेळा, प्रत्येकी १०" एवढंच लिहिलंय. घरी हात धरला की मुलगी रडते आणि आई थांबते. वडील म्हणतात, "तुझ्या हाताला जोरच नाही, अशानं कसा सुधारणार?" आणि स्वतः जोर लावून करतात. सासूबाई म्हणतात, "लेकराचा छळ मांडलाय. मोठी झाली की आपोआप हलवेल." नीट झोप लागत नाही, असंही आईनं एका ओळीत लिहिलंय. आईचे प्रश्न दोन आहेत. मुलगी जरा मोठी होईपर्यंत व्यायाम बंद ठेवले तर चालेल का? आणि हात अजून हलत नाही, तो आपण कमी पडल्यामुळे का? पुढची तपासणी दीड महिन्यानं आहे.

प्रिय ताई,

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी सरळ देते, मग सविस्तर बोलू. व्यायाम बंद ठेवू नका. आणि हात हलत नाही तो तुम्ही कमी पडलात म्हणून नाही.

पण त्याहीआधी, तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीबद्दल बोलायला हवं. मुलगी अडीच महिन्यांची आहे, कोपर अजून वाकत नाही आणि पुढची तपासणी दीड महिन्यानं आहे. ही तारीख अलीकडे आणा. या दुखापतीत तिसऱ्या महिन्याला फार महत्त्व आहे. कोपर वाकवणारा दंडाचा स्नायू, म्हणजे बायसेप्स, तोवर जागा झाला आणि बाळ स्वतःहून कोपर वाकवू लागलं, तर पुढे चांगली सुधारणा होण्याची आशा बरीच असते. तोवर काहीच दिसलं नाही, तर या नसांच्या दुखापतींचं काम नेहमी करणाऱ्या तज्ज्ञांनी तिला बघायला हवं. शस्त्रक्रिया लागलीच, तर ती साधारण ३ ते ९ महिन्यांच्या दरम्यान करतात. नसेचा निरोप फार काळ मिळाला नाही, तर स्नायू तो घेण्याची ताकद हळूहळू गमावतो, म्हणून हा काळ महत्त्वाचा. तज्ज्ञांना दाखवलं म्हणजे शस्त्रक्रिया ठरली असं मुळीच नाही. कित्येक बाळांना ती लागत नाही. पण दाखवायचं वय उलटून जाऊ देऊ नका. फोन करून एवढंच सांगा: बाळ अडीच महिन्यांचं आहे, कोपर वाकत नाही, तीन महिने पूर्ण व्हायच्या आत दाखवायचंय.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे आणि ते घरात सगळ्यांनीच धरलेलं दिसतं. व्यायाम केला की हात हलायला लागेल, कमी केला तर कमी हलेल, जास्त केला तर लवकर हलेल. तुमचे मिस्टर याच हिशेबानं जोर लावतात, तुम्ही याच हिशेबानं स्वतःला दोष देता. सासूबाईंचं "आपोआप हलवेल" हे त्याच गृहीतकाचं दुसरं टोक आहे. मला वाटतं, तुमच्या घरातला बराचसा ताण या एका चुकीच्या समजातून आलाय.

मानेतून पाच मोठ्या नसा निघतात आणि खांद्याजवळ एकमेकींत गुंफून हातात जातात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत वरच्या नसांना इजा झालेली दिसते. खांदा उचलणं, हात बाहेरच्या बाजूला वळवणं, कोपर वाकवणं, तळहात वर करणं ही कामं त्यांच्याकडे असतात. खालच्या नसा बोटांचं काम बघतात आणि त्या बऱ्या असाव्यात, म्हणून ती तुमचं बोट धरते. ही चांगली गोष्ट आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. दर हजार जन्मांत साधारण एक-दोन बाळांना अशी इजा होते. विल्हेल्म अर्ब या जर्मन डॉक्टरांनी १८७४ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. खांदा अडकणं हे प्रसूतीच्या त्या दोन-चार मिनिटांत घडतं आणि बरेचदा आधी सांगता येत नाही. तुम्ही कळा कशा दिल्या याच्याशी ते जोडू नका.

नस नुसती ताणली जाऊन सुन्न झाली असेल, तर ती काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागते. आतले तंतू तुटले असतील, तर ते मानेकडून खाली नव्यानं वाढत येतात आणि त्यांचा वेग दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर असतो. महिन्याला तीन सेंटिमीटर धरा. मान ते दंड एवढं अंतर कापायलाच काही महिने जातात. आणि नस मुळापासून उपटली गेली असेल, तर ती आपली आपण जुळत नाही. यातलं कोणतं झालंय ते काळ आणि तपासण्या सांगतात. पण तिन्ही बाबतींत एक गोष्ट सारखी आहे: बाहेरून हात हलवून त्या १ मिलिमीटरचे दोन मिलिमीटर कोणालाच करता येत नाहीत. तुम्हाला नाही, तुमच्या मिस्टरांना नाही, मला नाही.

मग हे ताणाचे व्यायाम कशासाठी? घरातलं माणूस लांब गेलंय, ते परत येईल तेव्हा दार उघडायला हवं, म्हणून बिजागऱ्या गंजू द्यायच्या नाहीत. एवढंच काम आहे या व्यायामांचं. पण ते काम मोठं आहे आणि ते आत्ताच करावं लागतं.

खांद्याचंच बघा. हात बाहेर वळवणारे स्नायू लुळे पडलेत. आत ओढणारे मात्र बऱ्यापैकी शाबूत आहेत, कारण त्यांना इतर नसांकडूनही पुरवठा असतो. म्हणजे चोवीस तास एकाच बाजूनं ओढ, समोरून धरणारं कोणी नाही. आतले स्नायू आखूड व्हायला लागतात. त्यातून इतक्या लहान बाळाच्या खांद्याची खोबण बरीचशी मऊ कूर्चेची असते आणि दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात जसा बसेल तशी ती घडत जाते. माथा सतत मागे ढकललेला राहिला, तर खोबण सपाट, तिरपी घडते. पहिल्या वर्षातच सांधा मागे सरकू शकतो. मग नस परत आली तरी मुलीला हात डोक्यामागे नेता येत नाही, घास तोंडाशी नेताना कोपर बाहेर फेकावं लागतं. म्हणून "मोठी झाल्यावर बघू" हा पर्याय मी तुम्हाला देऊ शकत नाही. मोठी होईपर्यंतच तर खांदा घडतोय.

पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. एखाद्या दुपारी व्यायाम चुकला म्हणून बिघडत नाही. बाळाला ताप आला, तुम्ही दमलात, पाहुणे आले, राहून गेलं, तर संध्याकाळी करा. दुप्पट करू नका. नुकसान होतं ते आठवडेच्या आठवडे सोडून दिल्यानं. तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्ही एका चुकलेल्या वेळेलाही तेवढंच भीत आहात. तेवढी भीती बाळगायची गरज नाही.

आता रडण्याबद्दल.

"ती रडते म्हणजे तिला दुखतं, दुखतं म्हणजे मी इजा करतेय" अशी साखळी तुमच्या मनात तयार झालीय. कोणत्याही आईच्या मनात होईल. पण अडीच महिन्यांचं बाळ उताणं ठेवलं म्हणून रडतं, कपडे काढले, गार लागलं म्हणून रडतं, हात धरून ठेवला म्हणून रडतं, भूक आणि झोपेची वेळ झाली म्हणूनही रडतं. माझ्या कामात मी आयांना एकच सांगते: रडणं कधी सुरू होतं आणि कधी थांबतं ते बघा. ताण द्यायच्या आधीच, खाली ठेवताक्षणी सुरू झालं आणि उचलल्याबरोबर थांबलं, तर ती बहुधा तक्रार आहे. हालचालीच्या नेमक्या एकाच टप्प्यावर, दरवेळी तिथेच, एकदम किंचाळल्यासारखं रडली, तर ते दुखणं धरा आणि त्या टप्प्याच्या अलीकडे थांबा. हात सोडल्यावरही बराच वेळ रडत राहिली, खांदा किंवा कोपर सुजलं, गरम लागलं, नुसता स्पर्शही सोसेना, तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. खांद्यात एकाएकी खट्ट असं जाणवू लागलं, किंवा कालपर्यंत सहज बाहेर वळणारा हात आज अडायला लागला, तरीही लगेच फोन. खांदा सरकू लागल्याची ती खूण असू शकते. श्वास धापेचा वाटला, दुखऱ्या बाजूच्या डोळ्याची पापणी खाली आलेली दिसली किंवा बोटांची हालचाल कमी झाली, तर तेही सांगायचं.

आणि तक्रारीचं रडणं असलं, तरी त्यात रेटून व्यायाम करू नका. यामागे नुसती दया नाही. रडणारं बाळ अंग आवळून घेतं. जे आतल्या बाजूचे स्नायू आपल्याला सैल करायचेत, तेच ती सगळ्यात घट्ट करते. मग तुमचा सगळा जोर तिच्या विरोधाशी झगडण्यात जातो. थांबा, उचला, शांत करा, पुन्हा ठेवा. त्या वेळी पाचच झाले तर पाच.

वेळ निवडण्यात निम्मं यश आहे. दूध पाजून झाल्यावर लगेच नको, उलटी होते. भुकेल्या पोटी तर नकोच. अंघोळीनंतर अंग गरम आणि सैल असतं, ती वेळ उत्तम. दुसरी चांगली वेळ म्हणजे लंगोट बदलताना. तेव्हा ती तशीही उताणी असते, तुमचे हातही तिथेच असतात. व्यायामासाठी वेगळी चादर, वेगळी खोली, घड्याळ आणि घरातल्या सगळ्यांचे गंभीर चेहरे, असा थाट असला की बाळही ओळखतं. लंगोट बदलताना खांद्याचे दोन-तीन ताण, पुढच्या वेळी कोपर आणि तळहात, अशी वाटणी करता येते का ते थेरपिस्टना विचारा. बहुतेक वेळा येते.

एक व्यायाम मी जवळून सांगते, कारण सगळ्यात महत्त्वाचा तोच आणि घरी चुकतोही तोच. तुम्हाला जे दाखवलंय त्याच्याशी हे ताडून बघा. दाखवलं नसेल, तर वाचून सुरू करू नका, आधी विचारा. आणि जन्माच्या वेळी कॉलरबोन किंवा दंडाचं हाड मोडलं नव्हतं ना, मोडलं असल्यास ते जुळलंय ना, हे डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. बाळ उताणं. कोपर काटकोनात वाकवून बरगड्यांना टेकलेलं. तुमचा एक हात तिच्या खांद्यावर, वरून हलकाच ठेवलेला, खांदा कानाकडे सरकू नये म्हणून. दुसऱ्या हातानं मनगटाऐवजी कोपरालगतचा हात धरायचा, तळव्यानं, बोटांनी चिमटीत नको. मग कोपर बरगड्यांपासून न हलवता हात सावकाश बाहेरच्या बाजूला वळवायचा, तिच्या हाताची मागची बाजू गादीकडे जाईल असा. आधी हे निरोगी, डाव्या हातावर करून बघा. खांदा किती सहज जातो, शेवटी किती मऊ अडतो, ते तुमच्या बोटांना कळेल. मग उजव्यावर. जिथे पहिला अडथळा लागतो तिथे थांबायचं, ढकलायचं नाही, तसंच धरून ठेवायचं. काही क्षणांनी हाताखाली स्नायू किंचित सैल झाल्यासारखा वाटतो. मिळाली तर तेवढीच जागा पुढे घ्यायची. मग हळूच परत. हात झटकून सोडायचा नाही.

आणि दुखऱ्या हाताला लांबीच्या दिशेनं कधीही ओढायचं नाही. व्यायामातही नाही, उचलतानाही नाही. जन्माच्या वेळी नसांना इजा झाली ती ओढ बसूनच.

आता तो कागद. "दिवसातून ४ वेळा, प्रत्येकी १०." दहा काय? दहा वेळा करायचं, की दहा सेकंद धरायचं? तुमचे मिस्टर दहा वेळा भराभर करत असतील आणि तुम्ही एकदाच करून दहापर्यंत मोजत असाल, तर तुम्ही दोघं वेगवेगळे व्यायाम करताय आणि कोण चुकतंय यावर भांडताय. ताणाच्या व्यायामात सहसा सावकाश नेऊन १० ते ३० सेकंद धरायला आणि थोड्याच वेळा करायला सांगतात. भराभर दहा हेलकावे देऊन आखूड स्नायू लांबत नाही. पण तुमच्या मुलीसाठी नेमकं काय ठरवलंय ते तुमच्या थेरपिस्टनीच सांगायला हवं आणि ते विचारण्यात कसलाही संकोच नको. तुम्हाला नीट समजलेलं नाही, याचा दोष तुमच्याकडे येत नाही. एकदा करून दाखवणं आणि आईला शिकवणं यांत फार अंतर आहे. पुढच्या वेळी म्हणा, "मी करते, तुम्ही बघा." त्यांचे हात तुमच्या हातांवर ठेवून घ्या, किती दाब ते तुमच्या हाताला कळू द्या. मिस्टरांनाही बरोबर न्या, त्यांनाही तिथेच करायला लावा. त्यांच्या परवानगीनं मोबाइलवर तुमच्याच हातांचा व्हिडिओ घ्या. घरी आल्यावर शंका आली तर तो व्हिडिओ कोणाच्याही आठवणीपेक्षा भरवशाचा.

मिस्टरांशी बोलताना "तू जोर लावतोस" असं म्हणू नका. तो जोर त्यांच्या भीतीतून येत असावा असं मला वाटतं. आपल्या मुलीचा हात निकामी राहील, या विचारानं ते घाबरलेत आणि काहीतरी करून दाखवायला धडपडतायत. त्यांना वर लिहिलेला नसेच्या वेगाचा हिशेब वाचायला द्या. जोरानं नस वाढत नाही, उलट सांध्याच्या आतल्या मऊ भागाला इजा होऊ शकते, हे एकदा पटलं की त्यांच्या काळजीला योग्य काम देता येईल. त्यांना वही द्या. त्यात किती वेळा केलं याच्या काड्या मारायच्या नाहीत. आठवड्यातून एकदा दोन गोष्टी लिहायच्या: हात बाहेर किती वळतोय, डाव्याच्या बरोबरीनं की कमी? आणि नवी हालचाल काही दिसली का? मुलीला थोडं उठतं, आधार देऊन बसवायचं, दोन्ही हात मोकळे, समोर आवडतं खेळणं, आणि मिनिटभर व्हिडिओ घ्यायचा. दवाखान्यात बाळं हटकून झोपतात किंवा रडतात. कोपर किंचित वाकल्याचा घरचा एक व्हिडिओ डॉक्टरांना खूप काही सांगून जातो. आणि व्यायामासाठी आठवड्यातल्या काही वेळा त्यांच्याकडे पक्क्या असू द्या. त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर जा. दारात उभं राहून "हळू, हळू" म्हणू नका. त्यांनी थेरपिस्टसमोर करून दाखवलं असेल, तर तेवढा विश्वास ठेवायला हवा.

सासूबाईंना मी चूक ठरवणार नाही. त्यांना नात रडताना दिसते आणि "मोठी झाली की" म्हणताना त्या स्वतःलाही धीर देत असाव्यात. शिवाय त्यांचं म्हणणं थोडं खरंही आहे, कित्येक बाळांचा हात खरोखरच सुधारतो. फक्त नस सुधारत असताना सांधा आखडू न देणं हे आपोआप होत नाही. त्यांना लांब ठेवण्यापेक्षा व्यायामात घ्या. बाळाच्या डोक्याशी बसून बोलणं, गाणं, डावा हात हातात धरणं ही कामं आजीइतकी छान कोणी करत नाही. बाळाचं लक्ष आजीच्या चेहऱ्याकडे गेलं की खांदा कसा सैल पडतो ते त्यांनाही दिसेल. आणि व्यायामापलीकडच्या दिवसभराच्या गोष्टी त्यांच्या हातात सर्वांत जास्त आहेत. कपडे घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी, काढताना तीच शेवटी. उचलताना काखेत हात घालायचे नाहीत, एक हात ढुंगणाखाली आणि दुसरा पाठ-मानेखाली. मांडीवर घेतलं की उजवा हात लोंबता किंवा अंगाखाली दाबलेला नको, पुढे, पोटावर आणायचा. झोपवायचं उताणंच. जागी असताना कोणी समोर बसून थोडा थोडा वेळ पालथं ठेवायचं, हात छातीखाली अडकू न देता.

उजव्या हाताला स्पर्शही कमी कळत असू शकतो. म्हणून तो हात तिच्या नजरेसमोर, तोंडाजवळ, तुमच्या गालावर आणत राहा. मऊ, खरबरीत कापड त्यावरून फिरवा. हा हात आपला आहे हे तिला कळायला हवं, नाहीतर नस परत आल्यावरही बाळं डाव्या हातानंच सगळं उरकतात. आणि स्पर्श कमी कळतो म्हणूनच गरम पाण्याची, गरम भांड्याची जास्त काळजी घ्या. पुढे दात आल्यावर काही बाळं तीच बोटं चावतात, तिकडेही लक्ष ठेवा.

एक पर्याय तुम्ही लिहिला नाहीत, पण तुमच्या मनात असेल: सगळे व्यायाम थेरपिस्टकडूनच करून घ्यावेत का? परवडत असेल आणि जाणं-येणं झेपत असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे जास्त वेळा जाण्यात अर्थ आहे, शिकण्यासाठी. पण फक्त त्यावर भागत नाही. थेरपिस्टचा अर्धा तास संपतो आणि खांदा उरलेला सगळा वेळ घरीच असतो. मात्र तुम्हाला हात लावतानाच धडधडत असेल, रडू येत असेल, रात्री बाळ झोपलेलं असूनही झोप लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर काही दिवस व्यायाम पूर्णपणे मिस्टरांकडे द्या आणि तुम्ही तुमच्या डॉक्टरांशी स्वतःबद्दल बोला. बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि चिंता यांवर उपचार आहेत आणि ते अंगावर दूध पाजत असतानाही घेता येतात. तुम्ही पत्रात झोपेबद्दल एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला ती ओळ महत्त्वाची वाटली.

शस्त्रक्रिया, खांद्याला पट्टा, आखडलेल्या स्नायूत इंजेक्शन, यातलं काही पुढे सुचवलं गेलं, तर त्याचा अर्थ "घरचे व्यायाम नीट झाले नाहीत" असा लावू नका. रोज व्यवस्थित व्यायाम करणाऱ्या घरांतल्या काही बाळांनाही ते लागतं, कारण मूळ इजा किती खोल होती ते आपल्या हातात नव्हतं.

हे सदर वाचणाऱ्या ज्यांच्या बाळाला वेगळी अडचण आहे, त्यांच्यासाठी थोडं. जन्मताना नुसतं कॉलरबोन मोडलं असेल, तर ते काही आठवड्यांत आपोआप जुळतं. तिथे ताणाचे व्यायाम करायचे नाहीत, फक्त जपून हाताळायचं. मान एका बाजूला झुकलेली आणि चेहरा दुसऱ्या बाजूला वळलेला, मानेच्या स्नायूत कधी गाठही लागते, अशा बाळांना मात्र ताण द्यावा लागतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका कमी काळ लागतो. पहिल्या महिन्यात सुरू केलेल्या बहुतेक बाळांची मान दीड-दोन महिन्यांत मोकळी होते, सहा महिन्यांनंतर सुरू केलं तर तेच काम बरेच महिने चालतं. रडणं, वेळ निवडणं, सावकाश धरणं हे वर लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू आहे. पण मान हा नाजूक भाग आहे. ताण देताना चेहऱ्याचा रंग बदलला किंवा श्वास अडल्यासारखा वाटला तर तत्क्षणी सोडायचं. दूध पाजताना, खेळवताना, झोपवताना बाळाला ज्या बाजूला वळायचं नसतं त्या बाजूनं बोलावत राहायचं. आणि अशा बाळाचे खुब्याचे सांधेही डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, कारण या दोन अडचणी कधीकधी जोडीनं आढळतात.